हात हालला का?

मिरज, ता. ५ ऑक्टोबर १९६४

श्रीमती बायडाबाई यांस,

मी राहीची थोरली बहीण चारुशीला. लग्नात आपण एकमेकींना पाहिलं, पण बोलणं झालं नाही. मिरजेत डोळ्यांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी परिचारिका आहे.

आमचे वडील, अण्णा, गेल्या आठवड्यात कडेगावहून उंब्रजला येऊन गेले. त्यांनी मला कळवलं आहे की राहीच्या पापण्या लाल आणि सुजलेल्या आहेत, पापण्यांचे केस गळाले आहेत आणि ती मान खाली घालून बोलते. लग्नाला सोळा महिने झाले. जावई जालिंदर कोयनेच्या कामावर असतात, पंधरा दिवसांनी घरी येतात. मधले दिवस घरात आपण दोघीच. पोरीला सासू रडवते, असा अर्थ अण्णांनी काढला आहे. महिनाअखेरीस ते तिला घेऊन जाणार आहेत आणि परत पाठवणार नाहीत.

मी अजून कोणताच अर्थ काढलेला नाही, म्हणून विचारते. डोळे कधीपासून लाल आहेत? दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त? आणि ती रडते का?

घरात दुसऱ्या कुणाला लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र आपल्याला राहीच वाचून दाखवणार आणि उत्तरही तिच्याच हाताने येणार. म्हणून पुढचं राहीसाठी: एकही शब्द न गाळता वाच. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही. सुधारू नकोस.

उत्तर पाकिटातून यावं, कार्डावर नको. इथले कंपाउंडर गंगाधरराव आलेलं प्रत्येक कार्ड वाचतात.

चारुशीला

*

उंब्रज, ता. ११ ऑक्टोबर १९६४

चारूबाईस बायडाबाईचा निरोप.

वर जयभीम लिव म्हनलं तर ही म्हनती, ताईला पत्रावर चालत न्हाई. का चालत न्हाई म्हनलं तर ही टाक दौतीत बुडिवती. बरं, ऱ्हाऊ द्या.

तुमचं पत्र ऐकलं. दोनदा ऐकलं. शिवी एक न्हाई त्यात, पन अंगावर काटा येतोय. तुमच्या आण्णांनी तर भर बाजारात, मिरच्यावाल्याच्या म्होरं मला इचारलं, "बाई, माझ्या लेकीला किती रडिवता?" चार बायका वळून बघाय लागल्या. तवापास्नं मी पान्याला गेले की आडावर बोलनं थांबतंया.

(ताई, आडावर कुणी काही थांबत नाही. — राही)

हिनं मधीच काय लिवलं? मी बोलले न्हाई तवा हिचा हात कसा चालला? मला वाचता येत न्हाई, पन ओळी मोजता येत्यात. मी एवढं बोलले आन ओळी एवढ्याच?

तर ऐका. डोळं पावसाच्या आदीपास्नं लाल हाईत. सकाळी लय. उठती तवा पापन्या चिकटल्याल्या असत्यात. भिंत धरून चुलीपाशी येती, कोमट पान्यानं सोडिवती. मग खपल्या निघत्यात, डोक्यातल्या कोंड्यावानी. मी हळदीच्या पान्याचं फडकं दिलं, शेळीचं दूध डोळ्यात घातलं, काजळ पाडून दिलं. उतार न्हाई.

रडती का म्हनून इचारता. माझ्यासमोर न्हाई रडत.

मी तोंडाळ हाय. पन हात उचलला न्हाई आन उपाशी ठेवलं न्हाई. माझ्या सासूनं मला काय केलं ते मला म्हाईत हाय, म्हनून ही घरात यायच्या आदीच मी ठरिवलंवतं. हिला न्या, चार दिस ठेवा, पन परत पाठवा. कुठं बी आंगठा उठवायच्या आदी मी कागद हिला दावती. आदी कोन दावत हुतं मला? घरात दोन डोळं आलं म्हना की. तेच आता बिगाडल्यात.

(हे सगळं त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. — राही)

*

मिरज, ता. १५ ऑक्टोबर १९६४

राही,

"चिकटल्याल्या" हा शब्द तू बदलला नाहीस, हे बरं केलंस. रडून पापण्या सुजतात. रडल्यानं त्या अशा रोज चिकटत नाहीत आणि त्यांना खपल्याही धरत नाहीत.

काजळ आणि शेळीचं दूध आजपासून बंद. हळदीचं फडकं चुलीत घाल. शनिवारी, चोवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं निघ, कराडला गाडी बदल. बायडाबाईंना बरोबर आण. जे मी पाहीन ते त्यांनीही पाहावं.

दवाखान्यात मला ताई म्हणू नकोस, सिस्टर म्हण. तिथली पद्धत तशी आहे.

चारुशीला

*

मिरज, ता. २६ ऑक्टोबर १९६४

ती. अण्णांस,

शनिवारी दोघी आल्या. डॉक्टरांनी तपासलं. राहीला पापण्यांच्या कडांचा जुना दाह आहे. कडेला, केसांच्या मुळाशी, तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांची तोंडं बुजली की तेल आत साचतं, कड सुजते आणि केसांभोवती खपल्या धरतात. डोक्यात कोंडा असला की जास्त, आणि राहीच्या डोक्यात आहे. डोळे येतात तशी ही साथ नाही. हा दाह रडण्याने होत नाही.

कडा साफ करण्याचं काम आमच्याकडे मी करते. आधी कोमट पाण्यातल्या कापसाच्या घड्यांचा दहा मिनिटं शेक दिला. त्याने खपल्या भिजतात आणि साचलेलं तेल पातळ होतं. मग काडीला कापूस वळून, तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून, केसांच्या मुळांवरून एकाच दिशेने फिरवला. कोरडी खपली ओढायची नसते, तिच्याबरोबर केस येतो. त्यानंतर बधिर करणारा थेंब घालून, पापणीच्या आतून काचेची कांडी धरली आणि बाहेरून बोटाने कड दाबली. लोण्यासारखा पिवळट ऐवज निघाला, चारही पापण्यांतून. शेवटी मलम लावलं.

बायडाबाई शेजारच्या स्टुलावर होत्या. कांडी दिसताच उठल्या. "आवं बाई, काच घालता व्हय पोरीच्या डोळ्यात? आदी माझ्यात घाला, मग तिच्यात!" डॉक्टर हसले, त्यांना बसवलं आणि त्यांच्याही पापण्या पाहिल्या. त्यांनाही हाच त्रास आहे, पण थोडा. नुसत्या पुसण्याने भागेल. अण्णा, सुनेला छळणारी बाई असं बोलत नाही, एवढं मला कळतं.

राही एकदाही हलली नाही. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तिने आरसा मागितला आणि मी काय करते ते पाहत राहिली. काडीला कापूस कसा वळायचा, ते माझ्याकडून तीन वेळा करून घेतलं. मध्ये तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. शेकाने येतं.

तेव्हा माझा निष्कर्ष असा: राहीचे डोळे आजाराने लाल होते, रडण्याने नव्हे. तिला परत आणण्याचं कारण नाही. आपण उंब्रजला जावं आणि बाजारात जिथे उभे राहून विचारलंत तिथेच बायडाबाईंची माफी मागावी.

आपली,
चारुशीला

*

कडेगाव, ता. ३ नोव्हेंबर १९६४

चि. चारुशीलेस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सूचनेप्रमाणे पाकिटातून लिहीत आहे. काल उंब्रजला जाऊन, मिरच्यावाल्याच्या समोरच, विहीणबाईंची माफी मागितली. पलटणीत कुठल्या साहेबापुढे वाकलो नाही एवढा वाकलो. तर त्या म्हणतात, "अण्णा, जरा मोठ्यानं बोला. पल्याडच्या तोंडल्यावालीला ऐकाय आलं न्हाई." पुन्हा मोठ्याने मागितली. मग चहा पाजला.

राहीला आणायचा विचार सोडला आहे. तू जे लिहितेस ते तपासून लिहितेस, म्हणून मी तुझ्या शब्दावर चालतो. तिच्या शिकण्याच्या वेळीही तसंच केलं. "तिचा हात थरथरतो, या कामाला ती उपयोगी नाही," असं तू मिरजेहून कळवलंस, तेव्हा तिचा नर्सिंगचा भरलेला अर्ज मी पेटीत ठेवून दिला आणि स्थळ पाहिलं. घर चांगलं मिळालं. म्हणजे तेव्हाही तुझंच खरं झालं.

तब्येतीस जप.

अण्णा

*

उंब्रज, ता. २९ नोव्हेंबर १९६४

ताई,

कडा स्वच्छ आहेत. सकाळी चिकटत नाहीत. डाव्या वरच्या पापणीला नवे केस आले आहेत, मोजले, अकरा. दिवसातून दोनदा शेक, एकदा सोड्याचं पाणी. एका काडीने एकच कड, मग ती काडी चुलीत. आत्तींच्या पापण्याही मी रोज पुसते.

एक विचारायचं होतं. काडी धरताना हाताला टेका कुठे द्यायचा? मी करंगळी गालावर टेकवते. बरोबर आहे का?

इकडे सर्व ठीक आहे. माझी काळजी करू नकोस.

राही

*

मिरज, ता. ४ डिसेंबर १९६४

राही,

करंगळी गालावर टेकवणं बरोबर आहे. मीही तेच करते. हे तुला सांगायचं राहिलं होतं, तू आपणच शोधलंस. काचेची कांडी मात्र घरी वापरायची नाही.

हा आजार मुळापासून जात नाही, ताब्यात ठेवावा लागतो. रोज पुसत राहा. तू ठीक आहेस हे वाचून बरं वाटलं.

चारुशीला

*

उंब्रज, ता. १८ जानेवारी १९६५

चारूस बायडाबाईचा जयभीम.

हे पत्र राहीनं लिवल्यालं न्हाई. पोस्टातलं बाळासो लिवत्यात. राही धुनं घेऊन नदीला गेलीया, तवर सांगून घेती. बाळासो म्हनलं, मावशी, शुद्ध करून लिवू का? मी म्हनलं, शुद्ध नगं. हिच्या भनीला हाय तसंच लागतं.

पैल्या पत्रात तू इचारलंवतंस, ती रडती का. मी म्हनलं, माझ्यासमोर न्हाई. त्येवढंच बोलले, कारन लिवत हुती तीच. तिचं रडनं तिच्याच हातानं कसं लिवून घेऊ?

ती रडती गं. पैल्यापास्नं रडती. सरपनाच्या खोपीत जाऊन, आवाज न करता. तू म्हनलीस आजार हाय. हुताच आजार, खोटं न्हाई. पन डोळं आजारानं लालच असायचं, त्यात रडल्यालं खपून जायचं. आता तू कडा अशा झाक केल्यास की रडली की लगीच दिसतंया. आजार काढलास, आन त्याबरूबर पोरीची लपायची जागा बी काढलीस.

का रडती ते मला ठावं नव्हतं. मिरजेहून येताना गाडीत ही इचारती, "आत्ती, त्या खुर्चीत बसले हुते तवा माझा हात हालला का वं?" मी म्हनलं, हाताचं काय, काम तर तुझी भन करत हुती, तू नुस्ती बसल्यालीस. मग घरी आल्यापास्नं रोज. माझ्या पापन्या पुसती, काडी खाली ठेवती आन इचारती, "हात हालला का?" मी न्हाई म्हनलं की मग दुसरी काडी घेती. आता वस्तीतल्या चार बायका येत्यात पुसून घ्याय. त्यास्नी बी त्येच. धोंडीबाची म्हातारी म्हनली, "बया, हात हालला का, हात हालला का! हाताला काय झपाटलंय का तुझ्या?" सगळ्या हसल्या. ही खोपीत गेली.

काल मी तिला धरलं, सोडलंच न्हाई. मग सांगितलं. तिला तुझ्यावानी शिकायचं हुतं. तू आण्णास्नी लिवलंस, हिचा हात थरथरतो. आण्णांनी ती चिठ्ठी हिच्याकडनंच वाचून घेतली म्हनं, चष्मा घावत नव्हता त्यांचा.

चारू, मला तुझं शास्तर कळत न्हाई. पन तीन म्हैनं झालं, रोज सकाळी तिची काडी माझ्या बुबुळापास्नं तांदळाच्या दान्याएवढी लांब असती. मी डोळा उगडा ठेवून बसती. हात हालला असता तर सगळ्यात आदी मला कळलं असतं. न्हाई हालत. बाळासोस्नी हे दोनदा लिवाय सांगितलंय. न्हाई हालत.

(सांगितल्याप्रमाणे दोनदा लिहिले आहे. — बाळासो, उंब्रज पोस्ट)

*

मिरज, ता. २५ जानेवारी १९६५

चि. राहीस सप्रेम जयभीम.

बायडाबाईंनी मला बाळासोंकडून पत्र पाठवलं. ते येऊन चार दिवस झाले. त्यांच्यावर रागावू नकोस.

जून १९६२ मध्ये तू दोन दिवस माझ्याकडे आली होतीस. तेव्हा दवाखान्यात काय झालं ते मी क्रमाने लिहिते.

तुझ्या हातात हत्यारांचा ट्रे दिला होता. तू तो पंधरा-वीस मिनिटं धरून उभी होतीस आणि तो स्थिर होता. मग आमच्या थोरल्या सिस्टर आल्या. त्यांनी तुझं नाव विचारलं. तू नाव सांगितलंस, आणि हात मोकळे नव्हते म्हणून मान लववून, घरी म्हणतो तसं मोठ्याने "जयभीम" म्हणालीस. त्या दवाखान्यात दोन वर्षांत मला कुणी "तुम्ही कुठल्या, कुणाच्या" असं विचारलेलं नव्हतं आणि मी होऊन सांगितलेलं नव्हतं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझा चेहरा पाहिलास. त्यानंतर ट्रे वाजायला लागला.

अण्णांना मी लिहिलं, तिचा हात थरथरतो. ते वाक्य खोटं नव्हतं. मी क्रम गाळला. आधी काय आणि नंतर काय हे गाळलं की नोंद निकामी होते, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. तू इथे शिकायला आली असतीस तर रोज माझ्याबरोबर राहिली असतीस आणि रोज कुणालातरी जयभीम म्हणाली असतीस. मला तेच नको होतं.

ऑक्टोबरमध्ये साफ करताना तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी शेकावर टाकलं. शेक तेव्हा संपून बराच वेळ झाला होता. हेही तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

अण्णांना आज वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात माझं वाक्य मागे घेतलं आहे, कारणासकट.

आता कामाचं. आमचे डॉक्टर बारा फेब्रुवारीपासून दर दुसऱ्या शुक्रवारी कराडला बसणार आहेत. पापण्या साफ करायला तिथे एक बाई हवी आहे. मी काल त्यांना म्हणाले, माझी बहीण आहे, उंब्रजला असते, गेल्या ऑक्टोबरात चोवीस तारखेला आली होती तीच. ते म्हणाले, "ती तुमची बहीण? सांगितलं नाहीत कधी." मी म्हणाले, नाही सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती, तीही सांगितली. ते म्हणाले, "बरं. तिला हात चांगला धुवून यायला सांगा," आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

गंगाधरराव दाराशी होते. आज दुपारी माझा पाण्याचा पेला फळीवरून काढून खिडकीत वेगळा ठेवलेला होता. मी तो धुतला आणि फळीवर इतर पेल्यांत ठेवला. उद्या तो कुठे असेल ते पाहीन आणि पुन्हा फळीवर ठेवीन.

आधी नुसतं पुसण्याचं काम मिळेल. हात पाहून डॉक्टर कांडी देतील. तुझा हात मी तपासणार नाही; मी समोर असले की तू माझ्या चेहऱ्याकडे बघशील. जालिंदरना कळव आणि त्यांचं मत विचार. बायडाबाईंना विचारण्याची गरज मला दिसत नाही.

यायचं नसेल तर तसं लिही. मी कारण विचारणार नाही. उत्तर कार्डावर पाठवलंस तरी चालेल. यापुढे पाकिटाची गरज नाही.

तुझी,
चारुताई

*

(पोस्टकार्ड)

उंब्रज, ता. ३० जानेवारी १९६५

ताईस सप्रेम जयभीम.

बारा तारखेला पहिल्या गाडीनं कराडला येते. कापूस वळून, काड्या डब्यात भरून आणीन. ह्यांचा कोयनेहून होकार आला. आत्ती बरोबर येणार म्हणतात. माझा हात बघायला नव्हे, डॉक्टरांचा बघायला.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ओळी किती हाईत?" मी मोजून सांगितल्या. म्हणाल्या, "पुरं झाल्या. आता त्या पोरीला बी कुनीतरी इचारा, तिचं डोळं कसं हाईत." म्हणून विचारते. कसे आहेत?

तूही ये. तांब्या मी आणीन, आपण दोघी त्यातूनच पाणी पिऊ. कार्डावरची जागा संपली.

राही

ता. क. हे कार्ड वाचून झालं असेल, तर गंगाधररावांनाही जयभीम.